भिलाई : संशोधन एका छताखाली, विद्यार्थी दुसऱ्या छताखाली

छत्तीसगढमधील भिलाई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजेच आयआयटीच्या विस्ताराच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथील कार्यक्रमातून केली. देशातील आठ आयआयटींच्या विस्तारकार्याचा प्रारंभ त्या दिवशी एकाच वेळी झाला. चार वर्षांत या आठ संस्थांमध्ये मिळून सुमारे १० हजार विद्यार्थ्यांची वाढीव सोय व्हावी आणि आठ नवे रिसर्च पार्क उभे राहावेत, असे या योजनेचे उद्दिष्ट आहे. तत्पूर्वी, ७ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भिलाई, तिरुपती, पालक्काड, जम्मू आणि धारवाड या पाच नव्या आयआयटींसाठी ११ हजार ८२८ कोटी ७९ लाख रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली होती. या पाच संस्थांमधील एकूण विद्यार्थिसंख्या ७ हजार १११ वरून १३ हजार ६८७ वर नेण्याचा आणि प्राध्यापक दर्जाची १३० पदे निर्माण करण्याचा निर्णयही त्याच वेळी झाला.

भिलाईच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रायपूरजवळील सेजबहार येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात या संस्थेचे पहिले वर्ग सुरू झाले. १४ जून २०१८ रोजी कायमस्वरूपी संकुलाची कोनशिला बसवण्यात आली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील हे संकुल राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पोलादासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराला आता ज्ञानाचीही ओळख मिळेल, अशी अपेक्षा स्थानिक पातळीवर व्यक्त होत आहे.

या अपेक्षेबरोबर एक जुना प्रश्नही पुन्हा पुढे आला आहे. जनतेच्या पैशांतून चालणारे, मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना सामावून घेणारे आणि त्याच वेळी नवे ज्ञान निर्माण करणारे सार्वजनिक संशोधन विद्यापीठ भिलाईला, किंबहुना छत्तीसगढला, मिळाले आहे काय? शहरात आणि परिसरात संस्थांची वाण नाही. विद्यार्थी आहेत, प्रयोगशाळा आहेत, कारखाना आहे आणि संशोधनाला आव्हान देणारे प्रश्नही आहेत. मात्र यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या कुंपणाच्या आत आहे.

पोलादनगरी आणि तिच्या वस्त्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी सेक्टरांमध्ये विभागलेली आखीव वसाहत उभी राहिली. शाळा, रुग्णालय, मैदाने आणि रुंद रस्ते तिच्या वाट्याला आले. कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्यांची नावे मात्र बांधकामाच्या काळातील मजुरांच्या छावण्यांची आठवण करून देतात. छावणी उठली नाही. तिचेच दाट लोकवस्तीच्या मोहल्ल्यांत रूपांतर झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या पुढच्या पिढ्या येथे वाढल्या.

शिक्षणाकडे पाहण्याची भिलाईची दृष्टी या इतिहासातून घडली आहे. अभियंत्यांच्या शहरात अभियंता होणे हीच यशाची खूण ठरली. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतील यशासाठी हे शहर अनेक वर्षे ओळखले गेले आणि त्यासोबत शिकवणी वर्गांचा व्यवसायही फोफावला. परंतु आयआयटीतील प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतात आणि त्यात संस्था ज्या राज्यात आहे, त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोटा नसतो. राष्ट्रीय संस्थेच्या स्वरूपाला धरूनच हा नियम आहे. त्याचा परिणाम असा की, संस्था शहरात असल्यामुळे शहरातील विद्यार्थ्याचा प्रवेश सुकर होत नाही.

कॅम्प-१ किंवा पॉवर हाऊस परिसरातील बहुसंख्य मुलामुलींच्या उच्च शिक्षणाची वाट वेगळी आहे. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेकडे जाणारा विद्यार्थी साधारणतः दुर्ग येथील हेमचंद यादव विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयात दाखल होतो. अभियांत्रिकी पदवी किंवा पदविका घेणाऱ्याची परीक्षा बहुधा भिलाईतीलच छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विश्वविद्यालय घेते. ही दोन्ही राज्य विद्यापीठे आहेत. परीक्षा, निकाल, गुणपत्रिका आणि महाविद्यालयांना मान्यता या कामांतच त्यांची बहुतांश शक्ती खर्च होते.

नागपूरपासून दुर्गपर्यंत

ही रचना एका दिवसात निर्माण झालेली नाही. मराठी वाचकांना तिचा उगम परिचित वाटेल, कारण तो नागपूरला आहे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा विशाल प्रदेश त्याच्या कक्षेत होता. छत्तीसगढही त्यातच मोडत असे. रायपूर येथे १९३८ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढ महाविद्यालयाचे विद्यार्थी नागपूर विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेल्या देणगीवर सागर येथे विद्यापीठ उभे राहिले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या गौर यांच्या या नव्या विद्यापीठाकडे प्रांताच्या हिंदीभाषक भागातील महाविद्यालये सोपवण्यात आली.

१९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विश्वविद्यालय स्थापन झाले आणि छत्तीसगढमधील महाविद्यालये सागरकडून त्याच्याकडे आली. मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव या विद्यापीठाला देण्यात आले. १९८३ मध्ये बिलासपूरला गुरू घासीदास विश्वविद्यालय निघाले. २००९ मध्ये त्याला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यानंतर त्याच्याकडील संलग्न महाविद्यालयांसाठी २०१२ मध्ये बिलासपूर येथेच एक नवे राज्य विद्यापीठ स्थापन करण्यात आले. २०१५ मध्ये दुर्ग विभागातील महाविद्यालये रायपूरच्या विद्यापीठापासून वेगळी करून दुर्ग विश्वविद्यालय निर्माण झाले. तेच आजचे हेमचंद यादव विश्वविद्यालय होय.

या प्रत्येक विभाजनामागे प्रशासकीय कारण होते आणि ते रास्तही होते. अंतर कमी व्हावे, निकाल वेळेवर लागावेत, दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला साध्या दाखल्यासाठी रायपूर गाठावे लागू नये, अशी मागणी लोकांचीच होती. मात्र बिलासपूरच्या उदाहरणातून एक कल स्पष्ट दिसतो. संस्थेचा दर्जा आणि निधी वाढला की संलग्न महाविद्यालये तिच्यापासून अलग केली जातात आणि त्यांच्यासाठी नवे, तुलनेने दुबळे विद्यापीठ काढले जाते. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अनुभवी प्राध्यापक जुन्या संस्थेत राहतात. विद्यार्थ्यांची गर्दी नव्या संस्थेकडे जाते.

महाराष्ट्राचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेला २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचे रूप मिळाले. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ पासून देशात नावाजलेला होता. २००८ मध्ये तो अभिमत विद्यापीठ बनून बाहेर पडला. स्वायत्ततेमुळे या संस्थांचे हित झाले, हे खरे आहे. पण मूळ विद्यापीठाने आपला एकेक संशोधनसमृद्ध विभाग गमावला, हेही तितकेच खरे आहे. याच मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा गोंधळ होऊन निकाल कित्येक आठवडे रखडले आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एवढ्या मोठ्या परीक्षायंत्रणेचे ओझे वाहणाऱ्या विद्यापीठाच्या प्रमुखाला संशोधनाचा विचार करण्यास कितीसा अवसर मिळत असेल, याची कल्पना या प्रसंगावरून करता येते.

११२ विद्यापीठांचा धडा

केवळ विद्यापीठांची संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही, हा धडा छत्तीसगढला फार लवकर मिळाला. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य अस्तित्वात आल्यानंतर २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी कायदा करण्यात आला. त्यानुसार राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करून विद्यापीठ स्थापन करण्याची मुभा मिळाली. सुमारे एका वर्षात अशी ११२ विद्यापीठे निर्माण झाली. शिक्षणतज्ज्ञ आणि वैज्ञानिक प्रा. यशपाल यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कायद्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. अनेक विद्यापीठांना इमारत वा परिसर नसून ती एका खोलीत चालत आहेत, याची नोंद निकालपत्रात आहे. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये, म्हणून त्या संस्थांना राज्यातील विद्यमान शासकीय विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याचा मार्गही न्यायालयाने दाखवला.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, भिलाईचे तांत्रिक विश्वविद्यालय कार्यरत झाले आणि राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. अभियांत्रिकी शिक्षणाला त्या काळी मोठी मागणी होती. पुढील दशकात देशभर ही मागणी ओसरली. रिकाम्या जागा वाढल्या आणि अनेक खासगी महाविद्यालयांना टाळे लागले. छत्तीसगढही त्याला अपवाद नव्हते. संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क हाच ज्या विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा आधार असतो, त्याला अशा काळात संशोधनासाठी निधी राखून ठेवणे अवघड जाते. खासगी विद्यापीठांचे पीक आणि संलग्नतेवर उभे असलेले शासकीय विद्यापीठ या दोन्ही अनुभवांतून एकच गोष्ट लक्षात येते. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळतो, परंतु ज्ञान निर्माण करण्याची क्षमता त्यासोबत आपोआप येत नाही.

संशोधन विद्यापीठाबाहेर कसे गेले

अध्यापन आणि संशोधन यांची फारकत ही एकट्या छत्तीसगढची समस्या नाही. शिकवणारा स्वतः संशोधक असावा आणि विद्यार्थ्याने त्या शोधात सहभागी व्हावे, हे तत्त्व १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या मुळाशी होते. पुढे अमेरिकेतील विद्यापीठांनी ते स्वीकारले. भारतातील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे निघाली, ती प्रामुख्याने परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. अध्यापन महाविद्यालयांकडे होते आणि संशोधनाची जबाबदारी निश्चितपणे कोणावरच नव्हती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ही उणीव भरून काढण्याची संधी होती. तेव्हा देशाने वेगळा मार्ग निवडला. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा विद्यापीठांच्या बाहेर उभ्या राहिल्या. अणुसंशोधनाचेही तसेच झाले. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून आयआयटींची कल्पना पुढे आली आणि १९५१ मध्ये खडगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. संशोधनाचा निधी विद्यापीठांपासून दूर नेल्यास विद्यापीठे निस्तेज होतील, अशी भूमिका भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी त्या काळात आग्रहाने मांडली होती. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही निवडक विद्यापीठांना संशोधनाची प्रमुख केंद्रे म्हणून विकसित करण्याची शिफारस केली. ती पूर्णतः अमलात आली नाही.

भिलाईच्या संदर्भात एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. भिलाईचा कारखाना ज्या सोव्हिएत साहाय्यातून उभा राहिला, त्याच देशाच्या साहाय्याने १९५८ मध्ये मुंबईच्या पवई येथील आयआयटी स्थापन झाली. कारखाना एकीकडे आणि तंत्रविद्येची संस्था हजार किलोमीटर दूर, अशी ही विभागणी होती. पुढेही पोलाद प्राधिकरणाचे संशोधन केंद्र झारखंडमधील रांची येथे झाले. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेसाठी पोलाद प्राधिकरणाने सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद पुरवले. ते तयार करणाऱ्या कारखान्यांमध्ये भिलाईचा समावेश होता. या पोलादाचा मूळ विकास मात्र संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील धातुविज्ञान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झाला. हे यश देशाचे आहे आणि त्यात भिलाईच्या कामगारांचा आणि अभियंत्यांचा मोलाचा वाटा आहे. तरीही या साखळीत भिलाई परिसरातील एकाही विद्यापीठाचे नाव ठळकपणे येत नाही, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

राज्यातच असलेला दुसरा नमुना

अध्यापन आणि संशोधन एकत्र नांदू शकत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. त्याचे उत्तर भिलाईपासून जवळच, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात सापडते. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनींच्या उत्पन्नातून सार्वजनिक विद्यापीठे उभारण्यात आली. भारतातील कृषी विद्यापीठांनी तो नमुना समोर ठेवला आणि १९६० मध्ये पंतनगर येथे त्याची सुरुवात झाली. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हे त्याचे सूत्र आहे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठापासून वेगळे होऊन १९८७ मध्ये स्थापन झालेल्या रायपूरच्या या विद्यापीठाने ते सूत्र अंगीकारले. त्याची महाविद्यालये, संशोधन केंद्रे आणि कृषी विज्ञान केंद्रे राज्यभर पसरलेली आहेत.

या विद्यापीठाचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे धानाच्या देशी वाणांचा संग्रह. १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगावी फिरून हजारो वाणांचे नमुने जमवले. त्या पायावर उभ्या असलेल्या या संग्रहात आज २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. २००२ मध्ये हा संग्रह एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीला संशोधनासाठी खुला करण्याचा प्रस्ताव होता. सिंजेंटा या कंपनीशी विद्यापीठाची बोलणी सुरू असल्याचे उघड होताच शेतकरी संघटना, कार्यकर्ते आणि वृत्तपत्रे यांनी तीव्र विरोध केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेले बियाणे विद्यापीठाकडे ठेव म्हणून आहे, ही भावना त्या विरोधामागे होती. पुढे सरगुजाच्या जीराफूल तांदळाला २०१९ मध्ये आणि नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सार्वजनिक संशोधन विद्यापीठ कशाला म्हणावे, हे या उदाहरणातून समजते. तेथे संशोधनाचा विषय परिसरातून येतो, विद्यार्थी त्या संशोधनात सहभागी होतात आणि निष्पन्न झालेले ज्ञान परिसराकडे परत जाते. म्हणूनच त्या ज्ञानावर घाला येतो आहे असे वाटले, तेव्हा सामान्य माणूस विद्यापीठाला जाब विचारण्यास पुढे आला. ज्या विद्यापीठाकडून केवळ गुणपत्रिका मिळते, त्याच्याशी लोकांचे असे नाते जुळणे कठीण असते.

पुण्याचे उदाहरणही यासंदर्भात उपयुक्त आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेले आयुका, अर्थात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, पुणे विद्यापीठाच्याच परिसरात उभारण्यात आले. देशातील कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकाने आणि विद्यार्थ्याने तेथे यावे, ग्रंथालय आणि उपकरणे वापरावीत आणि पुन्हा आपल्या विद्यापीठात जाऊन संशोधन पुढे न्यावे, ही त्यामागील कल्पना होती. प्रत्येक विद्यापीठाला महागडी साधने देणे शक्य नसेल, तर एका ठिकाणची साधने सर्वांसाठी खुली ठेवता येतात, हे आयुकाने दाखवून दिले.

आकडे काय सांगतात

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या त्यांपैकी सुमारे २ लाख १३ हजार, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य विद्यापीठांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील सुमारे ८१ टक्के विद्यार्थी राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात आणि याच विद्यापीठांमध्ये अध्यापकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत. दुसरीकडे, संशोधन आणि विकासावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास होता. थोडक्यात, विद्यार्थी जेथे आहेत तेथे संशोधनाचा पैसा फारसा पोहोचत नाही.

धोरणकर्त्यांना या विसंगतीची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयांची संलग्नता १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे आणि त्यांतील मोठा हिस्सा सरकारबाहेरील स्रोतांतून मिळवण्याचे त्याचे लक्ष्य आहे. राज्य विद्यापीठांत संशोधन रुजवणे हे त्याच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक आहे. एखाद्या प्रबळ संस्थेभोवती काही विद्यापीठे जोडून घेण्याची योजनाही या प्रतिष्ठानने आखली आहे. पीएम-उषा योजनेतून निवडक राज्य विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये दिले जात आहेत. या योजनांमध्ये मानांकन आणि मूल्यांकन यांना महत्त्व असल्याने आधीच सक्षम असलेल्या विद्यापीठांना त्यांचा लाभ लवकर मिळतो. नव्याने स्थापन झालेली, स्वतःच्या विभागांची उभारणी अद्याप करत असलेली दुर्गसारखी विद्यापीठे या शर्यतीत मागे राहण्याचा धोका आहे.

भिलाईपुढील पर्याय

आयआयटीने परिसरातील महाविद्यालयांची जबाबदारी घ्यावी काय, याविषयी शिक्षणक्षेत्रात दोन मते आहेत. एका मतानुसार, उत्कृष्टतेसाठी संस्था लहान आणि स्वायत्त असावी लागते. २०१६ मध्ये सुरू झालेली संस्था अजून स्वतःचेच विभाग घडवत असताना तिच्यावर राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचा भार टाकल्यास दोघांचेही नुकसान होईल. या म्हणण्यात तथ्य आहे. राज्य विद्यापीठांतील रिक्त पदे भरणे आणि त्यांना पुरेसे अनुदान देणे हे राज्य सरकारचे कर्तव्य आहे. आयआयटी त्याला पर्याय होऊ शकत नाही.

दुसरे मत असे की, सहकार्य म्हणजे भार नव्हे. महागडी उपकरणे ठरावीक दिवशी परिसरातील अध्यापकांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वापरू देणे, राज्य विद्यापीठातील अध्यापकांना पीएच.डी.चे सहमार्गदर्शक म्हणून स्वीकारणे, उन्हाळ्याच्या सुटीत संलग्न महाविद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत काम देणे, या गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात उभा राहणारा रिसर्च पार्क या दृष्टीने कळीचा ठरेल. तो केवळ मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांसाठी असेल, की भिलाईच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदाराला आणि तांत्रिक विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही त्याचे दार उघडे असेल, हे नियमावली ठरवताना निश्चित करावे लागेल.

विषयांची तर येथे मुळीच कमतरता नाही. पोलाद उद्योगातील कार्बन उत्सर्जन कमी करणे हे जगभरातील धातुतज्ज्ञांपुढील आव्हान आहे आणि देशातील प्रमुख कारखान्यांपैकी एक आयआयटीच्या संकुलापासून काही किलोमीटरवर आहे. झोतभट्टीतील मळीचा उपयोग, खाणींच्या परिसरातील पाणी आणि जमीन, कामगारांचे व्यावसायिक आजार हे विषय या भूमीतूनच उपजलेले आहेत. राज्यातील अनेक समाजघटकांत आढळणारा सिकलसेल आजार हा विदर्भाचाही प्रश्न आहे. हलबी, गोंडी आणि छत्तीसगढी या भाषांचा अभ्यास तर महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत येऊन भिडतो. रायपूर, दुर्ग, नागपूर आणि गडचिरोली येथील विद्यापीठांना एकत्र येऊन हाती घेता येतील असे हे विषय आहेत.

विस्ताराच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मंजूर निधीची मुदत २०२८-२९ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तोवर इमारती पूर्ण होतील, विद्यार्थिसंख्या वाढेल आणि शोधनिबंधांची संख्याही बहुधा वाढेल. या यशाचे मोजमाप करताना आणखी एका आकड्याकडे लक्ष द्यावे लागेल. हेमचंद यादव विश्वविद्यालय आणि तांत्रिक विश्वविद्यालय यांच्याशी संलग्न महाविद्यालयांतील किती अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना कुटेलाभाटा येथील प्रयोगशाळांमध्ये काम करण्याची संधी मिळाली, हा तो आकडा होय. कॅम्प-१ मधील एखादी विद्यार्थिनी प्रवेश परीक्षेत मागे पडली तरी संशोधनाची वाट तिच्यासाठी बंद होणार नाही, अशी व्यवस्था निर्माण झाली, तर पोलादनगरीला खऱ्या अर्थाने सार्वजनिक संशोधन विद्यापीठ लाभले, असे म्हणता येईल.